पुरेसे म्हणजे किती?

वस्तू विकत घेणे ही व्यवहाराची बाब आहे; तिच्यात नीतीचा प्रश्न येतो कुठे, असे मी आजवर समजत होतो. बाजारात जावे, चार दुकाने हिंडावी, भाव पाडून घ्यावा, पिशवी भरावी आणि घरी यावे. सत्य, त्याग, अपरिग्रह वगैरे थोर शब्द शाळेच्या भिंतीवर शोभतात. ते बाजारात बरोबर नेण्याचे कारण नाही, असा माझा समज होता. गेल्या श्रावणात एका लॅपटॉपने हा समज पार मोडून टाकला. फराळाच्या ताटाशी बसून अंक चाळणाऱ्या वाचकांना मी एका यंत्राची कथा सांगत आहे, याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी. कथा वरवर यंत्राची असली तरी खरी ती माझ्या फजितीची आहे. आणि दुसऱ्याची फजिती ऐकायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही.

आधी थोडी घरची हकीकत सांगतो. मी मिरजेत राहतो. एका लहानशा खासगी शाळेत मुलांना मराठी आणि चित्रकला शिकवतो व उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. दहावीला मॅट्रिक म्हणायचे दिवस केव्हाच गेले. पण आमच्या वडिलांनी तो शब्द सोडला नाही, म्हणून मलाही तो सुटला नाही. मुलगी मात्र माझ्यापुढे गेली. ती कोल्हापूरच्या एका कलाविद्यालयात उपयोजित कला शिकते. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाच्या खोक्यावरचे लेबल, लग्नपत्रिका, नाटकाची जाहिरात असे सारे करण्याची ही विद्या. रोज सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळच्या गाडीने येते. पहिले वर्ष तिने कागद, ब्रश आणि कॉलेजातली यंत्रे यांवर काढले. दुसरे वर्ष सुरू झाले आणि एके रात्री जेवताना ती म्हणाली, “बाबा, आता लॅपटॉपशिवाय भागणार नाही. लॅब पाचला बंद होते, आणि काम तर रात्रीच असतं.”

माझ्याजवळ पन्नास हजार रुपये बाजूला ठेवलेले होते. मी मोठ्या उदारपणे म्हणालो, “घेऊ या की.” मनात मात्र मी तेव्हाच ठरवून टाकले होते की पन्नासातले पंधरा-सोळा हजार तरी वाचवायचे. गरीब मास्तराला खर्च करण्यापेक्षा खर्च न केल्याचाच आनंद अधिक होतो.

रविवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी नव्हे, पण त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्यामुळे “या सर” म्हणून त्याने चहा मागवला. त्याने तीन यंत्रे टेबलावर मांडली. पहिले चौतीस हजारांचे. दुसरे बासष्ट हजारांचे. तिसरे एक लाख पंचेचाळीस हजारांचे. दिसायला मला तिन्ही सारखीच वाटली, काळसर आणि चपटी, पाटीसारखी मिटणारी. माझा हात आपोआप पहिल्याकडे गेला. मुलीचे डोळे तिसऱ्यावर खिळले होते. दुसऱ्याकडे आम्हां दोघांपैकी कोणीच पाहिले नाही.

घरी परत येताना वाद सुरू झाला. ती म्हणाली, “वर्गातल्या तिघीचौघींकडे तसाच आहे.” मी म्हणालो, “त्यांच्याकडे आहे हे कारण झालं का?” आणि मग मी माझे ठेवणीतले शस्त्र काढले. “अगं, दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर! महाराष्ट्रातल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं या माणसांनी गाजवली. त्यांच्याकडे कुठं होते लॅपटॉप? कला हातात असते, हत्यारात नसते.”

या वाक्यावर मी स्वतःच खूष झालो. अशी वाक्ये वर्गात फार चांगली चालतात. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, “पण बाबा, त्यांचा ब्रश चांगला असेल ना?”

मी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. दरवर्षी जून महिन्यात मी मुलांच्या रंगपेट्या तपासतो. पेटीबरोबर फुकट मिळणारा ब्रश मी सरळ बाजूला काढायला लावतो. कारण त्याचे केस रंगात गळतात, टोक जुळत नाही, आणि लहान पोराला वाटते की आपल्यालाच रेघ ओढता येत नाही. वाईट ब्रशचा दोष मूल स्वतःच्या हाताला देते, हे मी वीस वर्षे पाहिले आहे. पालकांना ते पोटतिडकीने सांगितलेही आहे. तेच ज्ञान माझ्या स्वतःच्या खिशाला हात घालायची वेळ येताच कुठे गेले होते, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका वृद्ध सतारमेकरांकडे गेलो. मिरजेची तंतुवाद्ये सर्वांना ठाऊक आहेत; २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे वाद्ये घडवायला सुरुवात केली. तलवारीवरून तारेवर आलेला हा हात आहे. चाचा भोपळ्याला कागद घाशीत बसले होते. मी त्यांना विचारले, “चाचा, नवशिक्या पोराला तंबोरा घ्यायचा झाला, तर स्वस्तातला घ्यावा की भारीतला?”

त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, “मास्तर, पोरगं किती तास बसणार ते आधी सांगा. महिन्यातून एकदा बसणार असेल तर भिंतीवर टांगायला कुठलाही चालतो. रोज बसणार असेल तर हस्तिदंती नक्षी नको, मोर नको, पण जवारी नीट पाहिजे. बेसूर तंबोऱ्यावर रियाज केला की कान बिघडतो. तंबोरा पुन्हा दुरुस्त होतो. कान होत नाही.”

घोडीवरून तार निसटताना जी गुंजारव करते तिला जवारी म्हणतात, आणि घोडीचा माथा केसाएवढा घासून ती आणावी लागते. नक्षीचा आणि तिचा काही संबंध नसतो. मी घरी येताना विचार करू लागलो: लॅपटॉपची जवारी कोणती आणि नक्षी कोणती?

पुढचा आठवडा मी माझ्याच मुलीचा विद्यार्थी झालो. तिने मला जे शिकवले ते थोडक्यात सांगतो. घरात उपयोजित कला शिकणारे मूल असेल तर वाचकांच्याही ते कामी येईल.

चित्रकारासाठी लॅपटॉपची जवारी म्हणजे त्याचा पडदा. पडद्यावरचे सारे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे बनतात. १९९६ साली ‘एसआरजीबी’ नावाचे एक माप ठरले. या तीन प्रकाशांतून निदान अमुक एवढे रंग दिसले पाहिजेत, असा त्याचा साधा अर्थ. स्वस्त यंत्रांचे पडदे पुष्कळदा या मापातले सुमारे साठ टक्केच रंग दाखवतात. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘४५ टक्के एनटीएससी’ असे काहीतरी गूढ लिहिलेले असते; तेच माप ७२ टक्के असेल, तर तो पडदा साधारणपणे पूर्ण एसआरजीबीचा समजावा. मुलीने कॉलेजात केलेली एक कुंकवाच्या डबीची जाहिरात पेनड्राइव्हवर घेतली, आणि आम्ही पुन्हा दुकानात जाऊन ती तिन्ही यंत्रांवर लावून पाहिली. चौतीस हजारांच्या यंत्रावर कुंकू विटकरी दिसले. मान जरा वाकडी केली तर ते आणखी फिके पडले. बासष्ट हजारांच्या यंत्रावर ते कुंकवासारखे दिसले. एक लाख पंचेचाळीस हजारांच्या यंत्रावरही ते कुंकवासारखेच दिसले. तेज अधिक होते, खोली अधिक होती, पण कुंकू तेच होते.

ज्याला रोज सहा तास विटकरीलाच कुंकू समजून काम करावे लागेल, त्याच्या डोळ्याचे काय होईल? तो नकळत लाल वाढवीत जाईल, आणि छापखान्यातून कागद आला की कपाळाला हात लावील. आधीच कागदाचे गणित वेगळे. पडदा प्रकाश देतो. कागद प्रकाश शोषतो. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात, आणि पडद्यावरचे कित्येक झगझगीत रंग त्यांच्यातून निघतच नाहीत. ही तफावत तर निसर्गाचीच आहे. तिच्यात पडद्याच्या खोटेपणाची भर कशाला? चाचांचे शब्द मला अक्षरशः पटले. तंबोरा दुरुस्त होतो. कान होत नाही.

दुसरी गोष्ट रॅमची, म्हणजे यंत्राला एका वेळी डोक्यात किती धरता येते याची. इथे माझे जुने अंकगणित उपयोगी पडले. ए-थ्री आकाराचे पोस्टर इंचाला तीनशे ठिपके या प्रमाणात छापायचे झाले, तर एका बाजूला ३५०८ आणि दुसऱ्या बाजूला ४९६१ ठिपके येतात. गुणाकार केला की सुमारे १ कोटी ७४ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार शायांचे चार आकडे लक्षात ठेवायचे. म्हणजे जवळजवळ सात कोटी आकडे झाले. हा झाला एक थर. पोस्टर एका थरात होत नाही. पार्श्वभूमी, आकृती, सावली, अक्षरे असे तीस पूर्ण रंगलेले थर झाले तर दोनशे दहा कोटी, म्हणजे दोन जीबीहून अधिक. त्यावर यंत्राचे स्वतःचे ओझे निराळे, आणि चुकले तर मागे जाता यावे म्हणून ते जुन्या अवस्था लक्षात ठेवते त्या निराळ्या. आठ जीबीत हे कसेबसे मावते आणि मग यंत्र धापा टाकू लागते. सोळा जीबीत ते सुखाने चालते. शिवाय आजकाल पुष्कळ यंत्रांत ही रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. नंतर वाढवू म्हटले तर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच विचारून घ्यावे.

आता नक्षी. एक लाख पंचेचाळीस हजारांच्या यंत्रात चित्रांसाठी एक निराळे, फार शक्तिमान कार्ड होते. ते कशासाठी लागते, असे मी विचारले. त्रिमित आकृत्या, चलच्चित्रे, मोठे खेळ यांसाठी ते लागते. मुखपृष्ठ, लेबल आणि लग्नपत्रिका यांना त्याची फारशी गरज नाही. आणि ते यंत्र अडीच किलोंचे होते, त्याचा चार्जर वेगळा. रोज मिरज-कोल्हापूर गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीच्या पाठीवर ते किती जड होईल, याचा विचार तिने स्वतःच केला नव्हता.

तेव्हा आमच्या दोघांच्याही निवडी चुकीच्या होत्या. मौज अशी की दोघांच्या चुकीचे मूळ एकच होते. ती वर्गातल्या मैत्रिणींच्या डोळ्यांनी यंत्र पाहत होती, आणि मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानांनी. “एवढ्यात भागवलं!” असे चारचौघांत सांगण्यात जो मानभावी गर्व असतो, तो महागड्या वस्तूच्या गर्वाहून कमी नसतो. तो फक्त खादीचे कपडे घालून हिंडतो, एवढेच. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचे त्या कामाकडे आम्हां दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते.

ॲरिस्टॉटलने नीतीवर लिहिताना मिलो नावाच्या एका मल्लाचे उदाहरण दिले आहे. दहा माप अन्न फार होते आणि दोन माप कमी पडते, म्हणून वस्ताद सहाचा खुराक लावील असे नाही. कारण सहा माप मिलोला अपुरे आणि नव्या पठ्ठ्याला अजीर्ण व्हायचे. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत हे कोणालाही शिकवावे लागत नाही. मध्य म्हणजे बेरीज करून दोनाने भागलेला आकडा नव्हे. आमच्या यंत्रांचा गणिती मध्य काढला तर तो ८९,५०० येतो, आणि त्या आकड्याला आमच्या घरात काहीच अर्थ नाही. मग पुरेसे म्हणजे किती? मला सुचलेले उत्तर असे: काम जेवढे मागते तेवढे, आणि वर वाढत्या अंगाला थोडी जागा. आई लेकराचे झबले शिवताना एवढेच पाहते. फार ढगळ शिवले तर मूल अडखळते. अंगाबरोबर शिवले तर दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

बासष्ट हजार ठरले. बारा हजार कमी पडत होते. आता ही गोष्ट सांगायला मला थोडा संकोच वाटतो. माझ्या मागच्या कादंबरीचे मानधन म्हणून मला बारा हजार रुपये मिळाले होते. तीन वर्षे पहाटे उठून ती कादंबरी लिहिली होती. त्या पैशाला हात लावायचा नाही, त्यातून पुस्तकांसाठी एक सागवानी कपाट करायचे, असे मी मनाशी ठरवले होते. सुताराकडून मापेही घेऊन ठेवली होती. पत्नीने काही न बोलता ते पाकीट माझ्यापुढे आणून ठेवले. एवढेच म्हणाली, “अहो, पुस्तकं काय, खोक्यातही राहतात.”

पैसे घेऊन आम्ही दुकानात गेलो. यंत्र निघाले, पावती फाटली, आणि दुकानदार प्रेमाने म्हणाला, “सर, तुम्ही घरचे. सगळी सॉफ्टवेअरं भरून देतो. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल, सगळं. एक पैसा नको. बाहेर हे भाड्यानं घ्यायचं म्हटलं तर दर महिन्याला पैसे मोजावे लागतात.”

मी गप्प बसलो. वाचकहो, ही माझी फजिती आहे, ती इथे आहे. मला सारे समजले होते. फुकट म्हणजे चोरीचे, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. तरीही मी गप्प बसलो. किंबहुना माझ्या मनात भराभर समर्थने उभी राहिली. त्या परदेशी कंपन्यांना काय कमी आहे? त्यांना एका मास्तराच्या पोरीने काय फरक पडणार? सारे जगच असे करते. आणि पोटाला चिमटा घेऊन आपण बासष्ट हजार मोजलेच आहेत की! प्रामाणिकपणाला आपण आज पुष्कळ खर्च केला, आता थोडी सूट घ्यायला हरकत नाही, असा काहीसा तो हिशेब होता.

मुलीने माझ्याकडे पाहिले. दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, “बाबा, तुमच्या कादंबरीची पीडीएफ...”

एवढेच. वाक्य तिने पुरे केले नाही.

गेल्या वर्षी कोणीतरी माझ्या कादंबरीची पाने भ्रमणध्वनीवर टिपून त्यांची पीडीएफ केली आणि ती हजार हातांतून फिरली. एका कार्यक्रमात एक सद्‌गृहस्थ मला आनंदाने म्हणाले, “तुमचं पुस्तक फार आवडलं, मी आणखी पन्नास जणांना पाठवलं.” मी घरी येऊन दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. आरडाओरडा केला होता. वर्गात मुलांना दुसऱ्याच्या वहीतून उतरवण्यावर अर्धा तास ऐकवले होते. त्या सद्‌गृहस्थांच्या मनातही मराठी वाचकाच्या गरिबीबद्दल, प्रकाशकाच्या श्रीमंतीबद्दल असलीच समर्थने असली पाहिजेत. माझी तीन वर्षांची पहाट त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हती. आणि आता दुकानात बसून मी कोणाच्या तरी पहाटा अशाच हिशेबाबाहेर ठेवीत होतो.

‘मंगल’ हे देवनागरी अक्षर आपण संगणकावर वर्षानुवर्षे पाहिले आहे. ते र. कृ. जोशी यांनी घडवले, हे किती जणांना ठाऊक असते? देवनागरीचा एक टंक करायचा म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. एकेका उकाराची जागा पुन्हा पुन्हा बदलून पाहावी लागते. पडद्यावर फुकट आल्यासारखे दिसते त्याच्यामागे कोणीतरी डोळे शिणवलेले असतात. माझी मुलगी उद्या हेच काम करणार आहे. तिचे मुखपृष्ठ, तिची अक्षरे कोणीतरी अशीच उचलली तर तिने कोणत्या तोंडाने तक्रार करायची?

तेव्हा मला स्वस्ताईची एक नवी व्याख्या सुचली. वस्तूची किंमत नाहीशी होत नसते. आपण भरली नाही तर ती दुसरे कोणीतरी भरीत असते. पडदा स्वस्तातला घेतला तर बाकीची किंमत मुलीच्या डोळ्यांनी भरायची. सॉफ्टवेअर फुकट भरून घेतले तर ती कोणा अनोळखी कारागिराने भरायची. चांगल्या किमतीत चांगली वस्तू मिळणे यात काही पाप नाही. कारखान्याच्या कौशल्याने, नव्या शोधाने वस्तू खरोखरच स्वस्त होतात आणि त्याचा आनंदच मानावा. पण स्वस्त वस्तू हातात आली की एकदा विचारावे, उरलेले पैसे कोणी दिले? आणि महाग वस्तू हातात आली की विचारावे, हे मी कोणाला दाखवण्यासाठी घेतो आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे लाजिरवाणी नसली, की समजावे, किंमत रास्त आहे.

मी दुकानदाराला म्हणालो, “नको. कोरंच द्या.” त्याला वाईट वाटले, की आपल्या भिडेचा मान राखला नाही. त्याचीही समजूत काढावी लागली, कारण तो बिचारा खरोखरच प्रेमाने देत होता. आपल्याकडे पुष्कळ चोऱ्या अशा प्रेमाच्या पोटी होतात.

घरी मुलीने दोन दिवसांत आपली सोय लावली. जगात काही कारागीर असेही आहेत, जे आपली कामे स्वखुशीने सर्वांना मोकळी करून देतात. रेघांच्या चित्रांसाठी २००३ साली सुरू झालेले ‘इंकस्केप’, छायाचित्रांसाठी १९९६ पासून लोकांना मिळत असलेले ‘गिंप’, रंगवण्यासाठी ‘कृता’ ही सारी अशीच उघड्या हातांनी दिलेली आहेत. फुकट मिळणे आणि फुकट उचलणे यांत केवढे अंतर आहे! एकात दाता असतो. दुसऱ्यात नुसताच घेणारा. महागड्या सॉफ्टवेअरवरचे काम ती कॉलेजच्या लॅबमध्ये पाच वाजेपर्यंत करते.

सारे सुरळीत झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या छापखान्यांत कोरलचीच फाइल मागतात, आणि तिने पाठवलेली फाइल दोनदा परत आली. उद्या नोकरीला गेली की तिला फोटोशॉप किती येते हेच विचारतील. विद्यार्थ्यांना सवलतीत ते भाड्याने मिळते. पुढच्या वर्षी तिच्या पहिल्या कमाईतून घेऊ, असे आम्ही ठरवले आहे. प्रामाणिकपणाने काम सोपे होते असे मुलांना सांगणारे धडे मी पुष्कळ शिकवले. यापुढे ते शिकवताना मला थोडे थांबावे लागेल. तो काम अवघड करतो. फक्त रात्री दिवा मालवल्यावर मनाला काही लपवावे लागत नाही.

गेल्या आठवड्यात तिला पहिले काम मिळाले. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी दिवाळीसाठी चकलीच्या डब्यांना लेबल करून मागितले. पाचशे लेबले. तिने रात्री जागून ते केले. छापून आलेला गठ्ठा तिने जमिनीवर सोडला आणि एक लेबल यंत्राच्या पडद्याशेजारी धरले. मी चष्मा लावून वाकून पाहिले. मधोमध कुंकवाचा एक ठिपका होता. कागदावरचा थोडा शांत, पडद्यावरचा थोडा उजळ. पण दोन्ही कुंकूच.

बाईंनी तिला आठशे रुपये दिले. त्यांतले पाचशे तिने माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाली, “कपाटाचे.”

मी ते परत केले नाहीत. देणाऱ्याचा हात मोडू नये, एवढे आता मलाही कळते. पुस्तके अजून खोक्यातच आहेत. त्या पाकिटात आता पाचशे रुपये आहेत, आणि साडेअकरा हजार यायचे आहेत. सुताराला मी सांगून ठेवले आहे, की मापे जपून ठेव.